पिवळं बटण

माझ्या दादाने आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. आमच्या भागातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या पायाला क्लचची अक्कल आली ती त्याच्यामुळे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी दादा म्हणते, कारण मी त्याची धाकटी बहीण. आणि तो मला ठिणगी म्हणतो, कारण तिकीट खिडकीमागे बसून बसून माझं डोकं पटकन तापायला लागलं. खरं सांगायचं तर ते खिडकीच्या आधीपासूनच तापायचं, त्या बिचाऱ्या खिडकीला उगाच कशाला दोष द्या.

दादा शिकवताना कधी ओरडायचा नाही. पण जे बोलायचं ते तोंडावर, आणि तिथल्या तिथे. वळण चुकलं की पुढच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा थांबायचा नाही, गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि सांगायचा, हे असं झालं, का झालं ते तूच सांग. एकदा एक दातांचे डॉक्टर शिकायला आले. बरेच दिवस शिकवल्यावर दादा त्यांना म्हणाला, "डॉक्टर, राग मानू नका. तुम्ही रस्त्याकडे बघतच नाही, स्वतःच्या हातांकडे बघता. तुम्ही ड्रायव्हर ठेवा." ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने कपाळावर हात मारून घेतला. गिऱ्हाईक घालवलंत की हो मास्तर, म्हणाला. डॉक्टरांनी खरंच ड्रायव्हर ठेवला, आणि पुढे दादाचे दात कायम फुकट तपासले. लोकांना खरं ऐकायला आवडत नाही असं म्हणतात ना, ते काही तितकंसं खरं नाही. सांगणाऱ्याला तुमच्याबद्दल आदर असला तर माणूस ऐकून घेतो.

मला त्यानेच शिकवलं आणि त्याच्या लेकालाही त्यानेच. लेक हुशार निघाला. मोठ्या कंपनीत लोकांना सांभाळायचं काम करतो म्हणे. सांभाळणं म्हणजे नेमकं काय करतात ते मला अलीकडेच कळलं.

वहिनी गेली आणि दादा लेकाच्या घरी राहायला गेला. घर छान आहे, मी नावं ठेवणार नाही. खाली दोन गाड्यांचं गॅरेज, त्याला वर सरकणारं मोठं दार, छताला मोटर. गॅरेजमधून आत स्वयंपाकघरात जायला एक छोटा दरवाजा. डावीकडे दादाची जुनी गाडी, उजवीकडे लेकाची. सूनबाईची बाहेर अंगणात. दादाच्या गाडीत समोरच्या काचेवर ऊन अडवायला असते त्या झडपेला एक छोटा रिमोट अडकवलेला असायचा, काडेपेटीएवढा. कोपऱ्यावर वळला की तो अंगठ्याने दाबायचा आणि गाडी दारापाशी येईपर्यंत दार वर गेलेलं असायचं. त्याचा त्याला कोण अभिमान! "बघ, न थांबता आत," म्हणायचा. जसं काही दार त्याच्यासाठी उठून उभं राहतंय.

दर रविवारी तो मला घ्यायला यायचा. आम्ही तळ्यावर जायचो, बाकावर बसायचो आणि मनसोक्त भांडायचो. आमच्यात भांडण म्हणजे गप्पाच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बहीण आहे म्हणून पांघरूण घालतेय. दादाची डावी नजर कमी झाली होती. गॅरेजच्या चौकटीला घासून त्याच्या गाडीचा डावीकडचा आरसा तुटला. एकदा चौकात डावीकडून आलेली सायकल त्याला दिसलीच नाही, मी किंचाळले म्हणून थांबला. मी स्वतः त्याच्या शेजारी बसले की हाताने सीट घट्ट धरून ठेवायचे. हे त्याला सांगायला हवं, हे मलाही कळत होतं. मी म्हणत होते, त्याच्या लेकाने सांगावं. लेकाच्या तोंडून ऐकलं तर त्याला ते नीट लागेल. चिरंजीवांच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं.

चिरंजीवांनी नवी गाडी घेतली. तिच्या आतल्या आरशाखाली तीन बटणं होती. ही बटणं एकदा दाराच्या मोटरला शिकवून ठेवली की वेगळा रिमोट लागत नाही, आरशाखालचं बटण दाबायचं की दार उघडतं. त्या रविवारी दादा मला घ्यायला आला तो लहान मुलासारखा खूश होऊन.

"अगं ठिणगे, आज आम्ही बापलेकाने मिळून दाराला नवी गाडी शिकवली! तो गाडीत बसला, मी स्टुलावर चढलो. मोटरच्या मागे एक पिवळं बटण असतं. तो खालून ओरडतोय, बाबा, बटण दाबा, दिवा विझेपर्यंत सोडू नका! मी धरून ठेवलं. हात भरून आला, पण सोडलं नाही. मग विझला. मग परत एकदा दाबलं, त्याने गाडीत बटण दाबलं, आणि दार उघडलं की! मग सूनबाईची गाडीही शिकवली."

"आणि तुझा रिमोट?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, सहजच.

"तो जुना आहे ना, तो आपोआप राहतो म्हणाला."

मला तरी काय कळत होतं! मी म्हटलं, बरं झालं बाई, लेक बापाला हाताशी धरतोय. बघा, मी कौतुकही केलं होतं.

निघताना दार लेकानेच आतून लावलं होतं. घरी परतला तर रिमोट चालेना. कोपऱ्यावरून दाबला, दारासमोर उभं राहून दाबला, गाडीतून उतरून दाराला नाक लावून दाबला. रिमोटवरचा दिवा लागतोय, दार ढिम्म. लेक वरच्या खिडकीतून म्हणाला, "सेल संपला असेल हो, बाबा." दादाने दुसऱ्या दिवशी नवा सेल घातला. नाही. मग लेक स्वतः दुकानातून सेल घेऊन आला. स्वतः! पाकीट फोडून स्वतःच्या हाताने बसवून दिला. तरी नाही. दादाने विचारलं, अरे, दिवा तर लागतोय, मग दार का उघडत नाही? तर म्हणे, दिव्याला करंट कमी लागतो, दाराला जास्त लागतो. पाहा आता. कंपनीत सांभाळायचं शिक्षण कसलं पक्कं असतं ते.

आतून भिंतीवर एक बटण आहे, त्याने दार उघडायचं. म्हणजे दादा बाहेर जाऊ शकत होता. पण जाताना दार उघडं टाकून जायचं नाही, घर उघडं राहतं. मग आधी सूनबाईला सांगायचं, ती खाली येऊन दार लावणार. परत आला की गाडी रस्त्यावर उभी करायची, घंटी वाजवायची, ती ओल्या हाताने येऊन दार उघडणार. "आले हं बाबा," म्हणायची. ती वाईट नाही. पण तिच्या त्या "आले हं"च्या आधी एक श्वास असायचा, तो मी एकदा ऐकलाय. दादानेही ऐकला असणारच. ज्याने आयुष्यभर शेजारच्या माणसाचा श्वास ऐकून ब्रेक लावला, त्याला तो ऐकू आला नसेल?

हळूहळू दादाने गाडी काढणं कमी केलं. कुणी नको म्हटलं नाही. कुणी किल्ली काढून घेतली नाही. आधी भाजी आणायला चालत जायला लागला, मग माझ्याकडचा रविवार चुकला, मग पुढचा. मी फोनवर तोंड सोडलं. "काय रे, म्हातारी बहीण नकोशी झाली का?" तर म्हणाला, "अगं, चांगले सेलच मिळत नाहीत." मी म्हटलं, सेलचं कौतुक पुरे झालं, बसने ये.

पुढे माझी गाडी अगदीच खटारा झाली म्हणून मी एक वापरलेली गाडी घेतली. आणि गंमत बघा, तिच्याही आरशाखाली तीच तीन बटणं. माझ्या गॅरेजला मोटर आहे, तीही दादाच्या लेकाकडच्यासारखीच, एकाच दारवाल्याने बसवलेली. मी दादाला फोन केला. "तू शिकवलंयस ना एकदा? मग ये, माझंही कर."

तो आला. बसने. मास्तर बसने आले! बसस्टॉपवरून चालत येताना त्याला पाहिलं आणि मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. खिशात रिमोट होताच. सवयीने घेऊन फिरत होता, म्हणाला रस्त्यात एखादं सेलचं दुकान लागलं तर दाखवू.

चहा झाला आणि तो उत्साहाने स्टुलावर चढला. मी गाडीत बसले. काही चुकायला नको म्हणून मी दारवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून डॅशबोर्डवर ठेवला. दारवाला बोलका माणूस.

"ताई, आधी तुमचा हातातला रिमोट आरशाजवळ धरा, आणि दोन्हीची बटणं एकदम दाबून ठेवा. आरशावरचा दिवा भराभर लुकलुकायला लागला की सोडा. झालं? आता मोटरवरचं पिवळं बटण."

"हे बघा, ते मी धरतो," दादा वरून म्हणाला. "दिवा विझेपर्यंत धरायचं ना?"

"अहो नाही नाही!" दारवाला एकदम ओरडला. "धरायचं नाही बरं का! टिचकी मारल्यासारखं एकदा दाबायचं आणि सोडायचं. विझेपर्यंत धरलं तर आतलं सगळं पुसलं जातं. जेवढे रिमोट शिकवलेत तेवढे सगळे बाद. घर विकताना वगैरे तसं करतात."

मी आरशात पाहिलं. दादाचं बोट बटणावर तसंच होतं. मग त्याने ते एकदा दाबलं आणि सोडलं. मी आरशाखालचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. माझं दार घरघरत खाली आलं. दारवाला म्हणाला, जमलं बघा, आणि फोन ठेवला.

दादा स्टुलावरून उतरला नाही.

"पुसले गेले असतील तर परत शिकवता येतात, नाही का?" तो म्हणाला. मला विचारत नव्हता. मग त्याने खिशातून स्वतःचा रिमोट काढला. वर हात करून पिवळं बटण एकदा दाबलं, आणि रिमोट दाबला. पुन्हा दाबला.

माझं दार वर गेलं. अगदी सुरळीत. त्याने परत दाबला, खाली आलं. परत दाबला, वर गेलं. रिमोट ठणठणीत होता. सेल ठणठणीत होता. इतके दिवस ठणठणीत होता.

मी गाडीतून उतरले तेव्हा माझे कान गरम झाले होते. "दादा, त्याने तुझ्याच हाताने तुझा रिमोट पुसून घेतला."

"चुकून झालं असेल."

"चुकून? आणि नंतर सेल आणून दिले ते? स्वतःच्या हाताने बसवून दिले ते? दिव्याला करंट कमी लागतो म्हणे! तुला चढवलं स्टुलावर, आणि खाली बसून सांगतोय, विझेपर्यंत सोडू नका! लाज कशी वाटली नाही रे त्याला? तू दारासमोर उभा राहून अंगठा दुखेपर्यंत दाबत होतास आणि तो वरून खिडकीतून बघत होता!"

"ओरडू नकोस," दादा म्हणाला. स्टुलावरून उतरताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला. एरवी घेत नाही. "माझी डावी नजर गेलीय, ठिणगे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे! मग ते तुला सांगायचं ना! तुला! तू इतक्या लोकांना तोंडावर सांगितलंस. मग तुला एक वाक्य सांगायला काय झालं होतं? तू ऐकलं नसतंस?"

"पहिल्याच दिवशी किल्ली दिली असती," दादा म्हणाला.

आणि मग माझ्या गॅरेजमध्ये, त्या जुन्या टायरांच्या ढिगावर बसला. रडला वगैरे नाही. रडला असता तर मला सोपं गेलं असतं. रिमोट हातात उलटासुलटा करत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "सूनबाईलाही माहीत असणार. तिला रोज खाली यावं लागायचं बिचारीला." त्या घरात अजून कुणाकुणाला माहीत असेल, आणि ते जेवताना त्याच्याकडे कसे बघत असतील, हे तो मोजत होता. मला ते दिसत होतं आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

"चल," मी म्हटलं. "मी सोडते तुला घरी. आणि आज त्याची चांगली खरडपट्टीच काढते. त्याला चारचौघात विचारते, बापाला स्टुलावर चढवून..."

"काही विचारायचं नाही."

"का म्हणून?"

तो गाडीत बसला. शेजारच्या सीटवर, जिथे तो शिकवताना बसायचा. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "तू भांडशील. तुझं मन मोकळं होईल. मग तू तुझ्या घरी जाशील. मला उद्या सकाळी त्याच टेबलावर त्याच्यासमोर बसून चहा प्यायचाय. त्याला माझ्याकडे बघता यायला हवं ना? त्याला नाही आलं तर मी कुठे जाऊ?"

"माझ्याकडे ये," मी म्हटलं.

"दोन दिवसांत आपण एकमेकांचे गळे धरू," तो म्हणाला, आणि थोडं हसला. खरं होतं ते. माझं घर दोन खोल्यांचं, आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. तरी मी पुन्हा म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं. पण सिग्नल सुटला.

"शपथ घे," तो म्हणाला. "आज त्या घरात तू एक शब्द बोलणार नाहीस."

मी शपथ घेतली. कशी घेतली ते माझं मला माहीत.

सूनबाईने आग्रह केला, आत्या, जेवूनच जा. मी बसले. नाही म्हणून निघून गेले असते तर शपथ पाळणं सोपं गेलं असतं. पण मला चिरंजीवांचं तोंड बघायचं होतं. चौघं जण टेबलाभोवती बसलो. चिरंजीव नेहमीसारखे. मला म्हणाले, "काय गं आत्या, नवी गाडी? जमलं का दार शिकवायला?"

"जमलं," मी म्हटलं. एक शब्द.

"मोटर आपल्यासारखीच आहे ना?" हे विचारताना त्याने पोळीचा तुकडा मोडायचं थांबवलं. तेवढ्यावरून मला कळलं, याला भीती वाटतेय. मला बरं वाटलं. क्षणभर फार बरं वाटलं. आता दादाने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्याचं नेहमीचं, तोंडावर, तिथल्या तिथे.

दादाने खिशातून रिमोट काढला आणि लेकाच्या ताटाशेजारी ठेवला.

"आपल्यासारखीच आहे," तो म्हणाला. "तिथेही लावून पाहिला. नाही चालत. गेलाच बघ हा. टाकून दे."

मी दादाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाला खोटं बोलताना ऐकत होते, आणि तो ते इतकं सहज बोलला की मीही क्षणभर फसले असते.

चिरंजीवांचे खांदे खाली आले. त्याने तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. मग समजूतदार आवाजात म्हणाला, "जाऊ द्या हो बाबा. तसंही आता गाडी कितीशी लागते तुम्हाला? कुठे जायचं असेल तर मी आहे ना."

"हो, तू आहेस," दादा म्हणाला. "गाडीलाही बघ कुणी गिऱ्हाईक मिळालं तर. उगाच जागा अडते. सूनबाईची गाडी आत येईल, उन्हात असते बिचारी."

सूनबाईने मान खाली घातली. ती उठून पाणी आणायला गेली, तांब्या भरलेला असताना.

"बाबा, हे बघा," चिरंजीव म्हणाले, आणि माझ्याकडेही एक नजर टाकली, साक्षीला असल्यासारखी. "गाडी विकायचं तुम्हीच म्हणताय हं. मी तुम्हाला काही म्हटलेलं नाही."

"तू कुठे काय म्हणालास," दादा म्हणाला, आणि भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.